क्रूझवर गोल्फ खेळायचंय? आधी वेळेचं गणित मांडा, मग तिकीट काढा

दिवाळी झाली की संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड सगळीकडून मला एकच फोन येऊ लागतो, "सिंगापूरची क्रूझ बुक केलीय, किट सोबत घेतोय, आता गोल्फ कुठं खेळायचं तेवढं सांगा." अन् दरवेळी मला तेच सांगावं लागतं की क्रम उलटा झालाय. जहाज ठरलं, तारखा ठरल्या, पैसे भरून झाले, आणि मग कळतं की जिथं चांगला कोर्स (गोल्फचं मैदान) आहे त्या बंदरात जहाज सात तासच थांबतंय, किंवा त्या दिवशी रविवार आहे आणि क्लब बाहेरच्यांना घेत नाही. मग लाखभर रुपये खर्च करून पंधरा किलोची बॅग नुसती फिरवून आणायची. मी चार वेळा ग्रुप घेऊन गेलोय, आमच्याही चुका झाल्यात, त्यातून जो क्रम हाताशी आला तो खाली सविस्तर देतोय. यातली एकही पायरी मागे-पुढे करू नका.

१. खेळायचं कधी ते आधी ठरवा

क्रूझसोबत गोल्फ म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकात एक मिसळतात.

पहिली, जहाजानेच लावलेली गोल्फची सहल. गाडी, टी टाइम (मैदानावर खेळ सुरू करायची ठरलेली वेळ), भाड्याचं किट (गोल्फच्या काठ्यांची बॅग) सगळं तेच बघतात. महाग पडतं, पण जहाजाच्या स्वतःच्या सहलीची गाडी उशिरा आली तर सहसा जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी तेच घेतात.

दुसरी, बंदरावर उतरून आपलं आपण खेळणं. स्वस्त पडतं आणि कोर्स आपल्या आवडीचा, पण तुमच्यासाठी जहाज एक मिनिट थांबणार नाही.

तिसरी, क्रूझच्या आधी किंवा नंतर दोन दिवस जमिनीवर राहून खेळणं. माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हेच करावं. घरचे सगळे सोबत असतात, लेकरं असतात, बंदरावर त्यांना सोडून तुम्ही पाच तास गायब झालात तर सगळ्यांचीच सुट्टी खराब होते. त्यापेक्षा क्रूझ सगळ्यांसाठी ठेवा आणि नंतरचे दोन दिवस गोल्फला द्या. सिंगापूरहून तनाह मेराच्या फेरी टर्मिनलवरून साधारण तासाभरात इंडोनेशियातलं बिंतान बेट येतं, तिथं रिया बिंतानसारखे समुद्राला लागून असलेले कोर्स आहेत आणि पाहुण्यांना टी टाइम मिळणं सिंगापूरच्या खासगी क्लबांपेक्षा सोपं आहे.

आधी की नंतर? नंतर. आधी ठेवलं आणि विमान लेट झालं, बॅग मागे राहिली, तर गोल्फही जातो आणि जहाजाचंही टेन्शन.

२. ऋतू आणि मार्ग

आपल्याकडं सुट्ट्या दोनदा, दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. सिंगापूर हून सुटणाऱ्या बऱ्याच क्रूझ मलेशियातलं पोर्ट क्लांग, पेनांग, थायलंडमधलं फुकेत अशा फिरतात. फुकेतला मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस, तेव्हा समुद्रही खवळलेला असतो, जहाज बंदर गाळूनच पुढं जाण्याची शक्यता वाढते. नोव्हेंबर ते मार्च चांगले. दुबई-अबुधाबी-दोहा मार्गावरची जहाजंही मुख्यतः हिवाळ्यातच असतात, आणि उन्हाळ्यात तिथं दुपारी गोल्फ खेळायचा विचारही करू नका, आपल्या परभणीच्या उन्हाची सवय असली तरी नाही, कारण तिथं उन्हासोबत दमट हवाही असते.

मार्ग बघताना जहाजाचं नाव, त्यावरचे स्विमिंग पूल हे नंतर बघा. आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक बंदरासमोर चार गोष्टी लिहा: वार कोणता, जहाज किती वाजता लागतं, किती वाजता परत बोलावतात, आणि जहाज धक्क्याला लागतं की दूर नांगर टाकून टेंडर बोटीने, म्हणजे छोट्या बोटीने, किनाऱ्यावर नेतात.

तपासा: ज्या बंदरात दहा तासांपेक्षा कमी मुक्काम आहे तिथं १८ होलचा, म्हणजे पूर्ण खेळाचा, विचार सोडा. शनिवार-रविवारी ग्रीन फी (मैदानावर खेळायचे पैसे) जास्त असते आणि मेंबरांना आधी जागा देतात.

३. वेळेचं गणित, उलट्या बाजूने

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

लोक गणित सकाळपासून मांडतात. आठला जहाज लागलं, नऊला कोर्स, दोनला खेळ संपला, झालं. असं मांडू नका. शेवटून सुरू करा, म्हणजे जहाजावर परत चढायच्या शेवटच्या वेळेपासून. ही वेळ जहाज सुटायच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधीची असते, रोज छापून येणाऱ्या पत्रकावर वेगळी दिलेली असते, आणि तीच आपली वेळ. सुटायची वेळ डोक्यातून काढूनच टाका.

आता दुसरा फास, घड्याळ. सिंगापूर आणि मलेशिया भारताच्या अडीच तास पुढं आहेत, थायलंड फक्त दीड तास पुढं. म्हणजे सिंगापूर आणि फुकेतमध्ये एक तासाचा फरक. जहाज बऱ्याचदा स्वतःची वेळ बदलत नाही, सिंगापूरचीच ठेवतं. तुमचा फोन मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडलं की आपोआप थायलंडची वेळ दाखवतो.

तीन वर्षांपूर्वी फुकेतला आम्ही चौघं यातच सापडलो. परत चढायची वेळ जहाजाची साडेपाच. खेळ संपला तेव्हा फोनवर तीन वाजलेले, आम्हाला वाटलं अडीच तास हातात आहेत, निवांत क्लबहाउसमध्ये जेवायला बसलो, भाताची ताटं समोर आली. लातूरचे आमचे डॉक्टर जुन्या पद्धतीचे, हातात चावीचं घड्याळ, ते त्यांनी सिंगापूरला लावलेलं तसंच होतं. त्यांनी मनगट पुढं केलं आणि म्हणाले, "अहो, माझ्यात चार वाजून गेलेत." ताटं तशीच सोडली, पैसे टेबलावर ठेवले, कोणी बूटही बदलले नाहीत. पाटोंगच्या घाटात गाड्यांची रांग. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटच्या टेंडर बोटीचा खलाशी दोर सोडायला वाकलेला होता, त्याने आम्हाला बघितलं आणि दोर हातात धरून उभा राहिला. डॉक्टरांचं घड्याळ नसतं तर जहाज गेलं असतं, आणि बायका-लेकरं त्या जहाजावर होती.

म्हणून फोनची आपोआप वेळ बदलायची सेटिंग बंद करा आणि ग्रुपमधल्या एकाने तरी हातात साधं घड्याळ घालून त्यात जहाजाची वेळ ठेवायची. दोन पैकी एक नाही, दोन्ही करा.

आता उदाहरण घेऊ. समजा फुकेत, जहाज स्वतःच्या घड्याळाने सकाळी ८ ला लागतं आणि संध्याकाळी ६ ला परत बोलावतं. थायलंडच्या वेळेत हे झालं ७ ते ५. टी टाइम क्लब स्थानिक वेळेत देतं म्हणून पूर्ण हिशेब स्थानिक वेळेत करायचा.

शेवटून बघा: परत चढायचं ५ ला. त्याआधी दीड तास मोकळा ठेवा, टेंडरची रांग, ट्रॅफिक, पाऊस सगळं त्यात आलं. म्हणजे धक्क्यावर साडेतीनला. पाटोंगच्या धक्क्याहून कथू भागातला कोर्स जवळ असला तरी परतीला पाऊण तास धरा, म्हणजे क्लबमधून पावणेतीनला निघायचं. अंघोळ, बिल, बॅग आवरणं अर्धा तास, म्हणजे शेवटचा पुट (बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका) सव्वादोनला. १८ होलला साडेचार तास लागतात असं सांगतात पण पर्यटकांच्या कोर्सवर पाच धरा. टी टाइम आला सव्वानऊ.

आता सकाळकडून: ७ ला जहाज लागलं, पण सरकारी तपासणी होऊन टेंडर सुरू व्हायला आणि आपला नंबर लागायला तास-दीड तास. साडेआठला किनाऱ्यावर. अर्धा तास गाडी, नऊ. भाड्याचं किट, बूट, कॅडी (सोबत राहून किट सांभाळणारी मदतनीस), दहा-पंधरा बॉल मारून अंग मोकळं करणं, पाऊण तास ते तास. म्हणजे लवकरात लवकर टी टाइम दहा.

सव्वानऊ हवं होतं, दहा मिळतंय. १८ होल बसत नाहीत. ९ होल मात्र आरामात बसतात, साडेबारापर्यंत खेळ होतो, नीट जेवण होतं. इथं पाऊण तासासाठी "ओढून घेऊ" म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. त्याचं ऐकू नका.

सावधान: दीड तासाची मोकळीक कमी करून गणित बसवलं तर ते बसलेलं नाही.

पोर्ट क्लांगचं उदाहरण यापेक्षा सोपं आहे, कारण तिथं जहाज धक्क्यालाच लागतं आणि वेळही सिंगापूरचीच. पण तिथं लोक क्वालालंपूर शहरातला कोर्स घेतात आणि सगळा वेळ रस्त्यात घालवतात. शाह आलम भाग बंदर आणि शहर यांच्या मध्ये आहे, कोटा परमाई, ग्लेनमेरी असे चांगले कोर्स तिकडंच आहेत. शहरात जाऊच नका.

४. कागदपत्रं

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालू हवा. व्हिसाची चूक सगळ्यात महागात पडते: सिंगापूरहून जहाजात बसलात म्हणजे तुम्ही सिंगापूर सोडलं, परत आलात म्हणजे दुसऱ्यांदा आत शिरलात, आणि नंतर बिंतानला जाऊन परत आलात तर तिसऱ्यांदा. व्हिसावर मल्टिपल एंट्री लिहिलेलं आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एजंट "हो हो" म्हणाला एवढ्यावर सोडू नका. मलेशिया आणि थायलंडचे आपल्यासाठीचे नियम बदलत राहतात, ऑनलाइन भरायची आगमन कार्डंही आहेत, निघायच्या दहा दिवस आधी सरकारी साइटवर पुन्हा बघा.

परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापला जातो. तो रिटर्न भरताना आपल्या करात वळता होतो, पण त्यासाठी ज्याचं पॅन दिलं त्याच्याच नावावर दिसतो. चार जणांचं पॅकेज एकाच्या पॅनवर काढलं की नंतर मित्रामित्रांत हिशेबाची कटकट होते, आधीच वेगवेगळं काढा.

इन्शुरन्स घेताना क्रूझ कव्हर आहे का आणि गोल्फ किटची रक्कम वेगळी धरली आहे का हे विचारा. साध्या पॉलिसीत सामानाची मर्यादा एवढी कमी असते की एका ड्रायव्हरची (लांब फटक्याच्या गोल्फ काठीची) किंमतही निघत नाही.

हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा) दाखला मोबाइलमध्येही ठेवा आणि छापूनही. चांगले क्लब मागतात. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम २०२० पासून आहे, त्यात ५४ पर्यंतचा हँडिकॅप मिळतो, त्यामुळे नवशिक्यालाही दाखला काढता येतो, पण त्यासाठी घरच्या क्लबमध्ये स्कोअर कार्डं नियमित जमा केलेली हवीत. निघायच्या आठवड्यात हे होत नाही, तीन महिने आधी सुरू करा.

५. टी टाइम बुक करणं

क्लबला फोन नको, ईमेल करा, म्हणजे लेखी राहतं. एकाच ईमेलमध्ये हे सगळं विचारा: ग्रीन फीमध्ये बग्गी (मैदानावर फिरायची छोटी गाडी) धरली आहे का, कॅडी घ्यावीच लागते का (थायलंडमध्ये बहुतेक ठिकाणी घ्यावीच लागते आणि तिची टीप वेगळी, रोख, बाहतमध्ये), भाड्याचं किट डावखुऱ्यासाठी आहे का, पावसाने खेळ थांबला तर पैसे परत की दुसरी तारीख, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जहाज त्या बंदरात आलंच नाही तर काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही तर पूर्ण पैसे आधी भरू नका.

गाडीसुद्धा याच वेळी ठरवा, जायची आणि यायची, तोच ड्रायव्हर, क्लबमध्ये थांबून राहणारा. परतीला ऐनवेळी ॲपवर गाडी शोधणं म्हणजे दीड तासातला अर्धा तास तिथंच गेला.

६. स्वतःचं किट की भाड्याचं

एकच राउंड असेल तर भाड्याचं. दोन किंवा जास्त असतील, तर स्वतःचं न्या. आणि बंदरावर टेंडर बोट असेल तर एक राउंड असो की दोन, त्या बंदरासाठी भाड्याचंच, कारण हलत्या बोटीत ती बॅग खांद्यावर घेऊन चढणं-उतरणं धोक्याचं आहे आणि बऱ्याचदा मोठं सामान टेंडरमध्ये घेतही नाहीत.

भाड्याचं किट घेतलं तरी बूट, हातमोजे, बॉल, टोपी आपली न्या. हातमोजे तीन तरी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत एक मोजा महिनोन्महिने चालतो, तिथं सातव्या-आठव्या होलपर्यंत घामाने चिंब होतो आणि क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातातून फिरतो. एक घालायचा, दुसरा बग्गीला वाळत टाकायचा.

बूट न्यायच्या आधी तळ नीट घासून धुवा. आपली काळी माती स्पाइकच्या मुळाशी अशी बसते की वरून बूट स्वच्छ दिसतो आणि आत चिखलाचा गोळा असतो. जुना टूथब्रश आणि पाणी, एकेक स्पाइक काढून. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या क्रूझला जाणार असाल तर हे फारच कडक आहे, मातीचे बूट आणि किट फॉर्मवर जाहीर करावं लागतं, लपवलं तर मोठा दंड होतो.

पॅकिंगचा क्रम असा: ड्रायव्हर आणि वुड या लांब काठ्यांच्या डोक्यांवर कव्हर, त्यावर टॉवेल गुंडाळा. ड्रायव्हरपेक्षा चार बोटं उंच काठी किंवा तयार मिळणारा दांडा बॅगमध्ये उभा ठेवा, म्हणजे बॅग डोक्यावर आपटली तर मार काठी खाते. मोकळ्या जागेत कपडे कोंबा, क्लब आत हलले नाही पाहिजेत. १४ पेक्षा जास्त क्लब नेऊ नका, नियमही तोच आणि वजनही. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, कारण बॅटऱ्या. क्लब मात्र विमानाच्या केबिनमध्ये चालत नाहीत, एक पुटरसुद्धा नाही.

तपासा: भरलेली बॅग घरच्या काट्यावर ठेवा. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच फुकट असतं आणि गोल्फ बॅग एकटीच तेवढी भरते.

७. घरापासून जहाजापर्यंत

चिकलठाण्याहून मुंबई किंवा दिल्ली आणि तिथून पुढं, हे पूर्ण एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी तिकिटं काढली की पहिल्या विमानात देशांतर्गत वजनाचा नियम लागतो, मुंबईत बॅग सोडवून परत टाकावी लागते, आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

विमान जमत नसेल तर मुंबईपर्यंत समृद्धीने गाडी बरी, कारण रेल्वेत ही लांबडी बॅग बर्थखाली बसत नाही आणि रात्रभर तुम्ही तिच्यावर डोळा ठेवून जागे.

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी तिथं पोचलेलं असायलाच पाहिजे. त्याच दिवशी सकाळी पोचणारं विमान कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. टर्मिनलवर गोल्फ बॅगला केबिन नंबरचा टॅग लावून देतात, ती संध्याकाळपर्यंत केबिनवर येते. आधीच ईमेलने विचारून ठेवा की बॅग ठेवायला जहाजावर वेगळी जागा आहे का, कारण आतल्या केबिनमध्ये ती ठेवली की बाथरूमचं दार उघडत नाही.

८. जहाजावर पहिल्या दिवशी

चढल्या-चढल्या तीन कामं. फोन फ्लाइट मोडवर टाका, समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल हजारोंत येतं, नेहमीचा रोमिंग पॅक बऱ्याचदा तिथं चालत नाही. मग सहलींच्या काउंटरवर जाऊन टेंडरचे नंबर कधी आणि कुठं मिळतात ते विचारा. आणि बंदराच्या वेळा पुन्हा बघा, बुकिंगच्या वेळच्या आणि आताच्या वेगळ्या असू शकतात, वेगळ्या निघाल्या तर वरचं गणित परत मांडा.

जहाज लागायची गोळी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्यातल्या काही गोळ्यांनी झोप येते. खेळायच्या सकाळी पहिल्यांदाच घेऊन बघू नका, डॉक्टरांना आधी विचारून घरीच एकदा बघा.

९. खेळाच्या दिवशी

आदल्या रात्री बूट, मोजे, बॉल, कॉलरचा टी-शर्ट (जीन्स आणि गोल गळ्याचा बनियनसारखा टी-शर्ट बहुतेक क्लब चालवत नाहीत), जहाजाचं कार्ड, पासपोर्ट किंवा तो जहाजाने जमा केला असेल तर त्याची झेरॉक्स, रोख पैसे, हे एका पिशवीत. सकाळी जहाजावरच पोटभर खा. पण तिथून फळं, अंडी असलं काही सोबत घेऊन उतरू नका, बंदरावर अडवतात. घरून आणलेले धपाटेही जहाजावरच संपवा.

पहिले दोन-तीन होल अंग डुलल्यासारखं वाटतं, दोन दिवस लाटांवर राहिल्याने तसं होतं. जोर लावू नका, छोटा स्विंग. अजून एक, संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं तुमचा जो क्लब १५० यार्ड जातो तो समुद्राकाठी दोन-तीन यार्ड कमी जाईल, शंका असेल तर एक क्लब मोठा घ्या.

विजांचा सायरन वाजला, एक लांब भोंगा, की लगेच थांबायचं, हातातला पुटही पुरा करायचा नाही. किती वेळ थांबायचं हे आधी ठरवून ठेवा. आमचा नियम अर्ध्या तासाचा. त्यानंतर खेळ सुरू झाला नाही तर बॅग उचलून गाडीत.

सावधान: ठरलेल्या निघायच्या वेळेला तुम्ही चौदाव्या होलवर असाल तर चौदाव्या होलवरूनच निघा. उरलेले चार होल बुडाले म्हणून वाईट वाटेल, वाटू द्या.

१०. शेवटची रात्र आणि परतीचा प्रवास

शेवटच्या रात्री मोठं सामान केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. बॅग बाहेर ठेवायच्या आधी ओले मोजे, ओला टॉवेल, घामाचे बूट काढून घ्या, नाहीतर घरी पोचेपर्यंत काठ्यांच्या ग्रिपला (मुठीला) बुरशी. आणि उघडून क्लब मोजा, भाड्याच्या किटसोबत अदलाबदल झालेली असते, आमच्यातल्या एकाचा वेज (जवळच्या फटक्याचा क्लब) फुकेतला राहिला आणि कोणाचा तरी वेज संभाजीनगरला आला.

त्या दिवशी सकाळी उतरून गोल्फ आणि रात्री विमान असं ठेवू नका. उतरायलाच दहा-अकरा वाजतात. गोल्फचे दोन दिवस त्यानंतर, हॉटेलात सामान टाकून.

चिकलठाण्याला बेल्टवर गोल्फ बॅग बऱ्याचदा इतर सामानासोबत येत नाही, मोठ्या सामानाच्या बाजूच्या दारातून माणूस आणून ठेवतो. तिथंच विमानतळाच्या आत चेन उघडा, ड्रायव्हरची मान आणि प्रत्येक शाफ्टवरून (क्लबच्या दांड्यावरून) हात फिरवा. काही मोडलं असेल तर बाहेर पडायच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, कारण इन्शुरन्सवाले सगळ्यात आधी तोच कागद मागतात.